कोलिनर्जिक पेशी कॉर्टेक्सभर फवारा मारतात की नेमक्या जागी जातात? (सात मेंदू, दोन उत्तरं, मी गोंधळलोय)

तिसरा_थर

मंडळी, नमस्कार. इथे बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

पीएचडीचं दुसरं वर्ष. विषय: बेसल फोरब्रेनमधल्या (पुढच्या मेंदूचा तळाकडचा भाग) ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या, म्हणजे 'कोलिनर्जिक', पेशी कॉर्टेक्सला (मेंदूचा वरचा थर) कशा जोडलेल्या असतात. काम माउसवर. (मराठीत माउसही उंदीर आणि रॅटही उंदीर, म्हणून या धाग्यावर माउस-रॅट असंच लिहूया, नाहीतर गोंधळात भर.)

पुस्तकातलं चित्र सगळ्यांनी पाहिलं असेल. मेंदूच्या तळाशी एक ठिपका आणि त्यातून कॉर्टेक्सभर सुटलेले बाण, बागेतल्या फवाऱ्यासारखे. खाली ओळ: ही यंत्रणा 'डिफ्यूज' आहे, सगळीकडे सारखीच पसरते, मेंदूला जागं आणि सावध ठेवते.

मी काय केलं, तर एकाच माउसच्या व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये हिरवा आणि ऑडिटरी कॉर्टेक्समध्ये लाल कॉलरा टॉक्सिन बी टोचला (पुढे नुसतं सीटीबी). हा ट्रेसर (माग दाखवणारा रंग) ॲक्सॉनच्या, म्हणजे पेशीच्या लांब तारेच्या, टोकातून आत शिरतो आणि उलटा प्रवास करत पेशीपर्यंत पोचतो. फवारा खरा असेल तर एकच पेशी दोन्हीकडे जाणार, म्हणजे ती पिवळी दिसायला हवी. सात माउस झाले. चारांत पिवळं जवळजवळ काही नाही, एकात तर मोजून दोन पेशी. उरलेल्या तिघांत मात्र पिवळ्यांचा सुळसुळाट. मार्गदर्शक म्हणतात, सातांची सरासरी काढून टाक. मला ते गळी उतरत नाहीये. एक तर फवारा आहे किंवा नाही, 'सरासरी फवारा' ही काय चीज आहे?

आणखी दोन शंका. एक, रंगलेल्या पेशींपैकी जेमतेम निम्म्या पेशी 'चॅट'च्या अँटिबॉडीला उजळतात. ('चॅट' म्हणजे कोलीन ॲसिटिलट्रान्सफरेज, ॲसिटिलकोलीन बनवणारं एन्झाइम. हसू नका, लॅबमध्ये दिवसभर चॅटच चालू असतं.) अँटिबॉडी खराब आहे का? दोन, आमच्या चॅट-क्रे माउसमध्ये (यांत चॅट बनवणाऱ्या पेशीच लाल चमकवता येतात) कॉर्टेक्सच्या आतच लहान लहान लाल पेशी दिसतात. बेसल फोरब्रेनचं गाव तर खाली आहे, मग या वर कुठून आल्या?

जाणकारांनी उजेड पाडावा.

काचपट्टी

तिसऱ्या थरा, वयाने बरीच मोठी आहे म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस. बावीस वर्षं मायक्रोस्कोपवर बसून पेशी मोजल्यात. त्यातली पहिली दहा तर नुसत्या रॅटच्या बेसल फोरब्रेनमधल्या.

सरासरी अजिबात काढू नकोस. आधी एक सांग: त्या तीन मेंदूंच्या *इंजेक्शनच्या जागेचे* सेक्शन पाहिलेस का? फोरब्रेनचे नव्हेत, वरचे, जिथे सुई टोचली तिथले.

विचारायचं कारण म्हणजे मी स्वतः यात पोळले आहे. सुरुवातीच्या काळात माझ्या रॅटमध्येही अशाच दुरंगी पेशी भरपूर दिसायला लागल्या. मी खूश. तक्ते केले, आलेख काढले. मग आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या तंत्रज्ञाने शांतपणे विचारलं, "मागचा अर्धा मेंदू कुठाय?" मी तो टाकून दिला होता. मला फोरब्रेन हवा होता, मागचं कापण्यात कोण वेळ घालवणार! पुढच्या रॅटला मागचाही भाग कापला, तेव्हा दिसलं ते असं: कॉर्टेक्समध्ये छान गोल ठिपका, आणि त्याच्या बुडातून एक बारीक शेपूट खाली पांढऱ्या भागात उतरलेली. सुई थोडी खोल गेली होती, आणि वर ओढताना मी घाई केली होती. सोळा मेंदू कचऱ्यात गेले. 'कचऱ्यात' लिहायला सोपं वाटतं, त्यात पाच महिने होते.

ती शेपूट एवढी महागात का पडते ते समजून घे, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. हे ॲक्सॉन फोरब्रेनमधून सरळ वर उगवत नाहीत, त्यांच्या ठरलेल्या वाटा आहेत. १९८४ मध्ये सेपर यांनी रॅटमध्ये त्या नीट मांडल्या. मधली वाट पुढे जाऊन कॉर्पस कॅलोसमच्या वळणाला वळसा घालते आणि सिंग्युलममधून पाठीमागे धावते. वाटेत मधल्या भागातल्या कॉर्टेक्सला फाटे देत देत ती पार मागे व्हिज्युअलपर्यंत पोचते. बाजूची वाट एक्स्टर्नल कॅप्सूलमधून कडेच्या कॉर्टेक्सकडे जाते. म्हणजे व्हिज्युअल कॉर्टेक्सच्या खालच्या पांढऱ्या भागात ट्रेसर सांडला, तर तिथून *नुसत्या जाणाऱ्या* ॲक्सॉननाही तो लागतो, विशेषतः सुईने दुखावलेल्या ॲक्सॉनना. ऑडिटरीच्या खाली एक्स्टर्नल कॅप्सूलमध्ये सांडला तरी तेच. थांब्यावर उतरणाऱ्यांची शिरगणती करायची होती आणि तू रस्त्यावरून जाणारी अख्खी बसच मोजलीस, असं होतं. माउसचा कॉर्टेक्स जेमतेम मिलिमीटरभर जाड, कुठे त्याहूनही कमी. चूक करायला जागाच नाही.

म्हणून उपाय साधे आहेत, पण ते कंटाळवाणे आहेत म्हणून कोणी करत नाही. टोचायचं प्रमाण कमी कर. टोचून झाल्यावर पिपेट दहा मिनिटं तशीच राहू दे, मग अगदी सावकाश वर घे. ऑडिटरीला वरून लांबलचक तिरकं जाण्यापेक्षा डोकं कलतं करून बाजूने काटकोनात शिर. आणि प्रत्येक मेंदूचा इंजेक्शनचा भाग, न चुकता, काप.

आता मूळ प्रश्न. फवारा की नेमकं?

फवाऱ्याची कल्पना आली कुठून, तर जुन्या रंगवण्याच्या पद्धतींतून. १९६७ मध्ये शूट आणि ल्युइस यांनी रॅटच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम रंगवून खालून वर जाणाऱ्या वाटांचा मोठा नकाशा केला. त्या काळाच्या मानाने थक्क करणारं काम. पण ते एन्झाइम कोलिनर्जिक नसलेल्या पेशींतही असतं, आणि त्या पद्धतीत एकेक पेशी वेगळी काढता येत नाही. सगळीकडे जाळं दिसतं, मग माणसाला वाटणारच की एकच झाड सगळीकडे पसरलंय. पुढे १९८३ मध्ये मेसुलम आणि मंडळींनी या गटांना सीएच-१ ते सीएच-६ असे क्रमांक दिले. पहिले दोन, म्हणजे मीडियल सेप्टम आणि डायगोनल बँडचा उभा भाग, मुख्यतः हिप्पोकॅम्पसकडे. तिसरा, डायगोनल बँडचा आडवा भाग, घ्राणकंदाकडे. चौथा, न्यूक्लियस बेसॅलिस, कॉर्टेक्स आणि अमिग्डलाकडे. पाचवा-सहावा खाली ब्रेनस्टेममध्ये. क्रमांक दिले की वाटतं प्रत्येकाला कुंपण आहे. कुंपण-बिंपण काही नाही! माणसात किंवा माकडात निदान मायनर्टचा न्यूक्लियस बऱ्यापैकी ओळखू येतो. माउस-रॅटमध्ये या पेशी ग्लोबस पॅलिडसच्या आतल्या कडेला, इंटर्नल कॅप्सूलच्या तोंडाशी, सबस्टँशिया इनॉमिनाटात, जिथे फट मिळेल तिथे बसलेल्या असतात. 'सबस्टँशिया इनॉमिनाटा' म्हणजे बिननावाचा पदार्थ. नाव ठेवणाऱ्यानेच हात टेकलेले, यातच सगळं आलं.

आणि त्याच १९८३ मध्ये प्राइस आणि स्टर्न यांनी रॅटमध्ये जवळपास तुझाच प्रयोग केला: कॉर्टेक्समध्ये दोन जागी दोन ट्रेसर. निष्कर्ष त्यांनी शीर्षकातच सांगितला होता, की एकेका पेशीचा ॲक्सॉन मर्यादित भागातच पसरतो. दुरंगी पेशी फारच थोड्या. म्हणजे तुझे ते चार 'फसलेले' मेंदू खरं बोलताहेत. चाळीस वर्षांपूर्वीच हे छापून आलंय, तरी पुस्तकातला ठिपका आणि बाण हलायला तयार नाहीत. चित्र काढायला सोपं म्हणून, दुसरं काही नाही.

मग चित्र चुकीचं का वाटत नाही? कारण वेगवेगळ्या ठिकाणी जाणाऱ्या पेशी शेजारी शेजारीच उभ्या असतात. एकाच थांब्यावर पन्नास माणसं, प्रत्येकाची बस वेगळी. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, या थांब्यावरून माणूस कुठेही जातो. थांब्यावरून जातो हे खरं, *एक माणूस* जात नाही. तरी ती गर्दी अगदीच अस्ताव्यस्त नसते. साधारण सांगायचं तर व्हिज्युअलला जाणाऱ्या पेशी डायगोनल बँडच्या आडव्या भागाकडे जास्त, ऑडिटरीला जाणाऱ्या मागे, ग्लोबस पॅलिडस आणि सबस्टँशियाच्या मागच्या टोकाकडे. तुझ्या हिरव्या आणि लाल पेशी एकाच सेक्शनवर फारशा भेटतच नसतील, बघ. २०१५ मध्ये झाबोर्स्की यांच्या गटाने रॅटमध्ये दाखवलं की कॉर्टेक्सचे जे भाग आपापसांत बोलतात, त्यांना पेशी पुरवणारे फोरब्रेनमधले पुंजकेही एकमेकांवर चढलेले असतात. थांब्यावर शेजारी उभे असलेले लोक बरेचदा एकाच वस्तीत उतरतात, तसं.

निम्म्या पेशी चॅटला का उजळत नाहीत, त्याचं उत्तर उद्या देते. डोळे मिटताहेत.

मिलिव्होल्ट

काचपट्टीताईंचं नेहमीप्रमाणे वाचनीय. पण मी थोडा विरोधी सूर लावतो, कारण मी ॲक्सॉन बघत नाही, पेशीला इलेक्ट्रोड लावून ती काय बोलते ते ऐकतो.

पहिली गोष्ट तिसरा_थरसाठी. पिवळ्या पेशी कमी दिसल्या म्हणून 'दोन्हीकडे जाणाऱ्या पेशी नाहीत' असं सिद्ध होत नाही. ट्रेसर प्रत्येक टोकातून शिरतोच असं नाही. हिरवा दहातल्या पाचांत शिरला आणि लालही पाचांत, तर दोन्हीकडे जाणाऱ्या दहा पेशींतल्या अडीचच पिवळ्या दिसणार. यावर तोडगा एकच: दोन-तीन माउसमध्ये हिरवा आणि लाल *एकाच जागी* टोच. तिथे जेवढ्या पेशी पिवळ्या येतील ती तुझी कमाल मर्यादा. तिच्याशी तुलना केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. परीक्षक हे पहिल्या पाच मिनिटांत विचारतील, लिहून घे.

दुसरी गोष्ट, वायर नेमकी असली तरी निरोप नेमका असतो का? रॅटच्या पराएटल कॉर्टेक्समध्ये उंब्रियाको आणि मंडळींनी १९९४ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ॲसिटिलकोलीनच्या ॲक्सॉनवरचे फुगवटे तपासले, तेव्हा फक्त १४ टक्के फुगवट्यांना खरा सिनॅप्स (दोन पेशींमधला नेमका सांधा) सापडला. बाकीचे रसायन मोकळ्या जागेत सोडतात असा अर्थ निघाला. म्हणजे नळ नेमक्या घरात नेला, पण तोटीच नाही, पाणी अंगणभर. मग फवारा म्हणायला हरकत काय?

काचपट्टी

मिलिव्होल्ट, एकाच जागी दोन रंग टोचायचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो मीच विसरले.

१४ टक्क्यांवर मात्र भांडणार. २००१ मध्ये रॅटच्याच पराएटल कॉर्टेक्समध्ये दुसऱ्या गटाने मोजलं तर आकडा दोन-तृतीयांशाच्या आसपास गेला. माणसाच्या टेम्पोरल कॉर्टेक्समध्येही तसाच मोठा आकडा आलाय. फुगवटा किती सेक्शनमधून सलग पाहिला, कुठली अँटिबॉडी, कुठला थर, यावर हा आकडा नाचतो. पातळ कापाच्या कडेला राहिलेला सिनॅप्स दिसला नाही म्हणून तो नाहीच, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता तिसऱ्या थराची उरलेली शंका. रंगलेल्या सगळ्या पेशी कोलिनर्जिक असाव्यात अशी अपेक्षाच चूक आहे. बेसल फोरब्रेनमधून गाबा (पेशींना गप्प करणारं रसायन) आणि ग्लुटामेट (चेतवणारं रसायन) यांच्या पेशीही वर जातात. १९८४ मध्ये राय आणि सहकाऱ्यांनी रॅटमध्ये ट्रेसर आणि चॅटची अँटिबॉडी एकत्र वापरून मोजलं. न्यूक्लियस बेसॅलिसमधून कॉर्टेक्सला जाणाऱ्यांत ८० ते ९० टक्के कोलिनर्जिक, पण डायगोनल बँडच्या आडव्या भागातून घ्राणकंदाकडे जाणाऱ्यांत जेमतेम १० ते २० टक्के. म्हणजे प्रमाण जागेनुसार बदलतं. तुझ्या व्हिज्युअलच्या हिरव्या पेशी बहुतेक आडव्या बँडमधल्या, तिथे गाबाची वस्ती मोठी. हिरवे आणि लाल वेगळे मोजून बघ, लालमध्ये चॅटचं प्रमाण जास्त निघावं असा माझा अंदाज.

पण अँटिबॉडीला लगेच क्लीन चिट देऊ नकोस. तू ४० मायक्रॉनचे सेक्शन कापत असशील. अँटिबॉडी वरच्या आणि खालच्या पृष्ठभागातून आत झिरपते, मधोमध पोचेलच असं नाही. सीटीबीला मात्र काहीच अडचण नाही, त्याला चिकटवलेला रंग सगळ्या जाडीत चमकतो. मग मधल्या पेशी हिरव्या दिसतात आणि चॅट नाही, आणि आपण ठरवतो 'ही गाबाची असणार'. कॉन्फोकलवर (एकेका खोलीचं वेगळं चित्र देणारा मायक्रोस्कोप) वरून खाली एकेक प्रतल बघ. चॅटची चमक ज्या खोलीला संपते, त्याच्या पलीकडची पेशी मोजणीतच धरू नकोस.

आणि पिवळ्यांची उलटतपासणी कर. जाड सेक्शनमध्ये वरची हिरवी पेशी आणि खालची लाल पेशी एकावर एक आली की साध्या मायक्रोस्कोपखाली पिवळी दिसते. माउस वयस्क असेल तर लिपोफुसिनचे (वयाबरोबर पेशीत साचणारे) कण सगळ्याच रंगांत चमकतात. माझ्या नोंदवहीत एका पानावर लाल पेनने 'अद्भुत पेशी, तिन्ही रंग!!' असं लिहिलंय, आणि खाली आठ दिवसांनी पेन्सिलीने 'म्हातारा रॅट'.

हो, आणखी एक. चॅटला उजळणाऱ्या मोठ्या पेशी कॉडेट-प्युटामेनमध्येही असतात, अगदी तुझ्या भागाला खेटून. त्या स्थानिक कामगार, त्यांचा ॲक्सॉन तिथल्या तिथेच फिरतो. चुकून मोजल्यास तर तुझं 'किती कोलिनर्जिक पेशींना रंग लागला' हे गुणोत्तर घसरेल.

वंशावळ

चॅट-क्रे माउसच्या पिंजऱ्यांचं खातं माझ्याकडे असतं, म्हणून कॉर्टेक्समधल्या पेशींवर मी बोलतो.

त्या खऱ्या आहेत, कचरा नव्हे. माउस-रॅटच्या कॉर्टेक्समध्ये चॅट असलेल्या लहान, दोन टोकांच्या, उभ्या पेशी असतात हे ऐंशीच्या दशकापासून माहीत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या थरात जास्त. त्यातल्या बऱ्याच व्हीआयपी पेप्टाइडही बनवतात, आणि त्या मुख्यतः गाबा सोडणाऱ्या इंटरन्यूरॉन (आसपासच्याच पेशींशी बोलणाऱ्या) गटातल्या, सोबतीला ॲसिटिलकोलीन. वानरवर्गात हा गट असा आढळत नाही, म्हणून उंदरांवरून उडी मारताना जपून.

तुझ्या कामासाठी याचा अर्थ असा: चॅट-क्रे माउसच्या कॉर्टेक्समध्ये जे ॲक्सॉन लाल दिसतात ते सगळे खालून आलेले नाहीत. काही तिथल्याच पेशींचे. जन्मापासून रिपोर्टर (पेशीला चमकवणारी खूण) लावलेला माउस वापरला तर हा घोळ टळत नाही. फक्त खालून येणारे हवे असतील तर व्हायरस बेसल फोरब्रेनमध्ये टोच.

आणि पुढेमागे प्रकाशाने पेशी चालवायचा विचार असेल तर एक सावधगिरी. ॲसिटिलकोलीन पिशव्यांत भरणारा जो ट्रान्सपोर्टर, त्याचं जीन चॅटच्या जीनच्या पहिल्या इंट्रॉनमध्येच बसलेलं आहे. एका जीनच्या पोटात दुसरं जीन. त्यामुळे चॅटच्या भागाचा मोठा तुकडा उचलून बनवलेल्या काही माउसच्या जातींत त्या ट्रान्सपोर्टरच्या जास्तीच्या प्रतीही सोबत आल्या, आणि ते माउस प्रकाश न लावताही स्मृती-लक्षाच्या चाचण्यांत वेगळे वागले, असं २०१३ मध्ये दाखवलं गेलं. माउस मागवायच्या आधी तो कसा बनवलाय ते वाच.

सहज_डोकावलो

मी या क्षेत्रातला नाही. सगळं समजलं नाही पण वाचत सुटलो. घरात एका ज्येष्ठांना अल्झायमरसाठी डोनेपेझिल चालू आहे, डॉक्टर म्हणाले हे ॲसिटिलकोलीनचं औषध. त्याचा या उंदरांच्या वायरिंगशी काही संबंध आहे का?

काचपट्टी

आहे. १९७६ मध्ये डेव्हिस आणि मलोनी यांना अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत चॅट खूप कमी सापडलं, आणि १९८२ मध्ये व्हाइटहाउस आणि सहकाऱ्यांनी मायनर्टच्या न्यूक्लियसमधल्या पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्याचं दाखवलं. या धाग्यात ज्यांची चर्चा चाललीय, माणसातल्या त्याच पेशी. डोनेपेझिल त्या पेशी परत आणत नाही. उरलेल्या पेशी जे ॲसिटिलकोलीन सोडतात ते तुटायला वेळ लागावा, एवढंच त्याचं काम. औषधाबद्दल बाकी काही विचारायचं तर तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मी उंदरांची माणूस.

याच पेशी का मरतात याचा एक धागा मात्र इथे जुळतो. २०१४ मध्ये वू, विल्यम्स आणि नेथन्स यांनी माउसमधल्या एकेका कोलिनर्जिक पेशीचा *पूर्ण* ॲक्सॉन शोधून काढला. मोठ्यात मोठ्या पेशींचा ॲक्सॉन सगळ्या फांद्या धरून सुमारे ५० सेंटिमीटर, फाटे हजारभर. माउसचा मेंदू अंगठ्याच्या पेराएवढा, त्यात एका पेशीची अर्धा मीटर तार! त्यावरून माणसासाठी त्यांनी जो अंदाज केला तो शंभर मीटरच्या वर गेला. एवढ्या पसाऱ्याला एकट्या पेशीने खाऊपिऊ घालायचं म्हणजे ती थकणारच, असा एक तर्क मांडला जातो.

मिलिव्होल्ट, हे तुमच्यासाठीही. अर्धा मीटर तार आणि तरी ती मर्यादित पट्ट्यातच दाटीने पसरते. सगळीकडे पातळ नव्हे, थोड्या जागेत गच्च. याला मी फवारा म्हणणार नाही.

मिलिव्होल्ट

बरं, हार मानतो, पण अर्धीच. ॲक्सॉन गच्च असला तरी खाली बसलेल्या पेशी तो निरोप वेगवेगळा ऐकतात, आणि मला वाटतं नेमकेपणाची अर्धी गोष्ट तिथे आहे. पहिल्या थरातल्या आणि व्हीआयपी इंटरन्यूरॉनवर निकोटिनिक रिसेप्टर (ॲसिटिलकोलीन पकडणारी एक जात), ते झटक्यात उठतात. पिरॅमिडल पेशींवर (कॉर्टेक्सच्या मुख्य पेशी) एम-१ जातीचे मस्कॅरिनिक रिसेप्टर, त्यांचा परिणाम सावकाश. पाचव्या थरातली पिरॅमिडल पेशी पकडून तिच्या अंगावर ॲसिटिलकोलीनचा छोटा फुंकर मारला, की ती आधी क्षणभर *गप्प* होते आणि मग हळूहळू वर चढते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं इलेक्ट्रोड निसटला. तीनदा बदलला. इलेक्ट्रोड ठीक होता, पेशीच तशी वागते.

२०१४ मध्ये माउसच्या व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये दिसलं, की माउस पळायला लागला की व्हीआयपी पेशी जाग्या होतात, आणि त्यात बेसल फोरब्रेनकडून येणाऱ्या निकोटिनिक निरोपाचा हात आहे. व्हीआयपी पेशी दुसऱ्या इंटरन्यूरॉनना गप्प करतात, आणि त्यांच्या धाकातून पिरॅमिडल सुटतात. शिवाय २०१५ मध्ये असंही समोर आलं की या कोलिनर्जिक ॲक्सॉनमधून पहिल्या थरात गाबाही सुटतो. एकाच नळातून गरम आणि गार. तेव्हा 'कोलिनर्जिक पेशी म्हणजे ॲसिटिलकोलीन' हेही समीकरण सैल धरा.

तुलनेसाठी लोकस सेरुलियसकडे (ब्रेनस्टेममधला नॉरॲड्रेनलिन बनवणाऱ्या पेशींचा पुंजका) बघ. २०१६ मध्ये माउसवर असाच दुरंगी प्रयोग झाला. बेसल फोरब्रेनच्या पेशी एकेका संवेदी कॉर्टेक्सला बऱ्यापैकी वेगळ्या जातात, लोकस सेरुलियसच्या मात्र अनेक ठिकाणी एकत्र. प्रबंधात फवारा हवाच असेल तर तो नॉरॲड्रेनलिनकडे सरकव.

तिसरा_थर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस गायब होतो कारण मागचे मेंदू कापत बसलो होतो. (हो ताई, मीही ते कापले नव्हते. पण फेकले नव्हते, डब्यात होते. एवढं तरी श्रेय द्या.)

पिवळ्यांच्या त्या तीन मेंदूंपैकी दोनांत शेपूट सापडली. एकात हिरवी रेघ थेट कॉर्पस कॅलोसमपर्यंत उतरून तिथे आडवी पसरलीय, अगदी उलट्या टी अक्षरासारखी. दुसऱ्यात लाल, एक्स्टर्नल कॅप्सूलमध्ये. तिसऱ्या मेंदूने मात्र दोन रात्री खाल्ल्या. पांढऱ्या भागात काहीच नाही, दोन्ही ठिपके कॉर्टेक्सच्या आत, नीट गोल. मला वाटलं, सापडला खरा फवारा! मग शेजारशेजारचे सेक्शन ओळीने लावले तेव्हा कळलं की हिरवं इंजेक्शन बरंच बाहेरच्या बाजूला सरकलंय आणि लाल मोठं झालंय. दोघांच्या कडा मधल्या पट्ट्यात एकमेकींत मिसळल्यात. म्हणजे तिथे पोचणाऱ्या एकाच ॲक्सॉनला दोन्ही रंग मिळाले.

हिरवे-लाल वेगळे मोजायला घेतलेत. चार चांगल्या मेंदूंपैकी एकच झालाय, त्यात लालमध्ये चॅटचं प्रमाण हिरव्याहून स्पष्ट जास्त आहे. कॉन्फोकलवर चॅटची चमक खरंच मधोमध विझते, साधारण दोन्ही बाजूंनी बारा-तेरा मायक्रॉन आत गेलं की संपते. इतके दिवस मधला थर गाबाच्या खात्यात जमा करत होतो.

काचपट्टी

शाबास. तो तिसरा मेंदू फेकू नकोस. मिलिव्होल्ट म्हणाले ती 'एकाच जागी दोन रंग' वाली तपासणी त्याने नकळत अर्धी करून दिलीय. मिसळलेल्या पट्ट्याचं क्षेत्रफळ काढ आणि पिवळ्यांचं प्रमाण त्याच्याशी ताडून बघ. पुरावा म्हणून नको, पुढच्या माउसमध्ये साधारण किती पिवळं अपेक्षित आहे याचा अदमास म्हणून.

आणि मोजणी दुसऱ्या कुणाकडून करून घे, त्याला कुठला मेंदू कुठला ते न सांगता. तुला आता उत्तर माहीत झालंय, तुझे डोळे बिघडले.

तिसरा_थर

शेजारच्या टेबलावरच्या मुलीला पटवलंय, बदल्यात तिच्या हिप्पोकॅम्पसच्या स्लाइड मला मोजाव्या लागणार. सोमवारी दोन माउस, दोन्हींत हिरवा-लाल एकाच भोकातून. पिपेट दहा मिनिटं. घड्याळ लावून.